सब्लिमेशन पत्र्यावर: ग्लॉस मरतोय, ढग येतायत, कोपरा फिका

पाटीवाला_परळ · १४ जुलै, रात्री १०:१०

गणपती मंडळांच्या स्मृतिचिन्हांच्या ऑर्डरी सुरू झाल्या आणि नेमका आत्ताच पत्रा रुसलाय. जाणकारांनी मदत करावी.

माल: पांढरा ग्लॉस कोटेड ॲल्युमिनियम, ०.५ मिमी, २४ × १२ इंच. मशीन: १६ × २४ ची क्लॅमशेल (मागे बिजागरी, शिंपल्यासारखी उघडणारी) हीट प्रेस, खाली सिलिकॉनची मॅट, वर टेफ्लॉन. प्रिंटर एप्सन एल १८००, सब्लिमेशन इंक (गरम दाबात वाफ होऊन कागदावरून पत्र्याच्या कोटिंगमध्ये उतरणारी) भरलेला. कागद १०० जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर). सेटिंग २०० अंश, ८० सेकंद, दाब हँडलला बऱ्यापैकी जोर लागेल इतका.

तक्रारी तीन.

एक, गडद सपाट भागात ढगाळ पट्टे. निळ्या-काळ्या पार्श्वभूमीवर जास्त, फोटोत फारसे दिसत नाहीत.

दोन, चकाकी कमी. पत्रा तिरका धरून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघितलं तर कड फाटल्यासारखी दिसते. हात फिरवला तर बारीक खरखर.

तीन, डावीकडचा पुढचा कोपरा फिका. शिवाय मधोमध एक पुसट आयत. डिझाइनमध्ये असा आयत कुठेच नाही.

मे महिन्यात हाच माल, हेच आकडे आणि काम झकास. कोटिंगचा लॉट खराब आलाय असं माझं मत. विक्रेता म्हणतो प्रेस खराब. तो म्हणणारच.

टिचकी · १४ जुलै, रात्री १०:३२

मधोमध आयत? मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो लावायची जागा पत्र्याने आधीच सोडून ठेवलीय.

अर्धा_सूत · १४ जुलै, रात्री ११:०५

लॉटला शिव्या घालण्याआधी डाग कुणाचा आहे ते ठरवा: प्रेसचा, कागदाचा की पत्र्याचा. त्यासाठी दोन-तीन पत्रे खर्ची पडतील, पण ऑर्डर वाया जाण्यापेक्षा स्वस्त.

फोटो छापू नका, त्यात डाग लपतात. सबंध पत्राभर ५० टक्के करडा सपाट रंग छापा. कागदाच्या मागे पेन्सिलीने बाण काढा. प्रेसच्या पुढच्या कडेला टेप लावून "पुढे" लिहा. पहिला पत्रा नेहमीसारखा घाला. दुसऱ्या वेळी पत्रा तसाच ठेवून फक्त कागद १८० अंशात फिरवा. मग शेजारी शेजारी ठेवून बघा.

डाग प्रेसच्या त्याच जागी राहिला तर प्रेस किंवा मॅट. कागदाबरोबर फिरला तर प्रिंटर. दर वेळी नवीन जागी उगवला तर वाफ, धूळ किंवा तेलकट बोटं. सगळ्या पत्र्यांवर संरक्षक फिल्मवरच्या बाणाच्या दिशेने एकाच कडेला आला, तरच लॉटवर संशय घ्या.

तुमचा कोपरा आणि आयत प्रेसचे निघतील असा माझा अंदाज.

वाफारा · १४ जुलै, रात्री ११:४८

पहिली तक्रार पाण्याची आहे. मे आणि जुलै यांत माल बदलला नाही, हवा बदलली.

हिशेब करून बघा. २४ × १२ इंच म्हणजे ०.१८६ चौरस मीटर. १०० जीएसएमचा कागद, म्हणजे साडेअठरा ग्रॅम. पावसाळ्यात उघडा ठेवलेला कागद वजनाच्या ८ टक्के पाणी सहज धरतो, बऱ्याचदा जास्त. झालं दीड ग्रॅम. या दीड ग्रॅमची २०० अंशाला तीन लिटरच्या वर वाफ होते. खाली सिलिकॉन, वर टेफ्लॉन, दोन्ही हवाबंद. ॲल्युमिनियमही काही शोषून घेत नाही. मग ती वाफ कागद आणि पत्रा यांच्यामध्येच वाट शोधते. जिथे अडकते तिथे कागद केसभर उचलला जातो आणि रंग कमी उतरतो. जिथून सुटते तिथे रंगाची वाफही सोबत ढकलते. हेच तुमचे ढग. कापडावर हे दिसत नाही, कारण कापडातून वाफ आरपार जाते.

करायचं काय:

टेफ्लॉन काढा. त्याजागी कोरा न्यूजप्रिंट, दोन पदर. सिलिकॉन मॅटवरही दोन-तीन पदर, किंवा सरळ नोमेक्स फेल्ट (उष्णता सोसणारा जाड नमदा). दोन्ही बाजूंना वाफ शोषणारं काहीतरी हवं. हा न्यूजप्रिंटही ओला असतोच, म्हणून आधी नुसता तोच १५ सेकंद दाबून घ्या, प्रेस उघडून वाफ जाऊ द्या, मगच पत्रा.

कागदाचं पाकीट फोडल्यावर झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. जेल रंग बदलणारं घ्या. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवायचं, पुन्हा डब्यात. खोलीत आर्द्रतामापक टांगा. ४० ते ६० टक्के असेल तर निर्धास्त काम करा. ७०च्या वर गेला तर प्रत्येक कागद वाळवल्याशिवाय घालू नका.

पाटीवाला_परळ · १५ जुलै, सकाळी ८:२०

@वाफारा, टेफ्लॉन काढला तर वरच्या प्लेटला रंग लागेल ना? मग पुढच्या प्रत्येक पत्र्यावर आदल्याची सावली.

वाफारा · १५ जुलै, सकाळी ८:४१

न्यूजप्रिंट प्रत्येक दाबाला बदलायचा. तोच परत वापरला तर त्यात बसलेला रंग पुढच्या पत्र्यावर उठतो. रोलच्या शेवटचा कोरा कागद छापखान्यांतून किलोने मिळतो, एका पत्र्यामागे खर्च किरकोळ.

टिचकी · १५ जुलै, सकाळी ८:५५

घरची रद्दी चालेल का? तीही किलोनेच आहे.

सौ_छापखाना · १५ जुलै, सकाळी ९:३०

चालेल, फक्त "उत्कृष्ट देखावा, प्रथम क्रमांक" याच्या खाली आजचं राशिभविष्य येईल. छापील वर्तमानपत्राची शाई तेलकट असते, गरम दाबात ती प्लेटला, पत्र्याला, सगळ्यांना लागते. कोराच घ्या.

वाळवण्याबद्दल एक सावधगिरी. छापलेला कागद प्रेसमध्ये दाबून वाळवू नका. १८० अंशाच्या आसपास रंग उडायला लागतो, म्हणजे वाळवताना अर्धं काम न्यूजप्रिंटवर होऊन जाईल. कागद, छापलेली बाजू वर करून, गरम प्लेटच्या दोन-अडीच इंच खाली १५-२० सेकंद धरा. कडा थोड्या वळल्या की पुरे. गडद काम असेल तर छापल्यावर आधी दहा मिनिटं मोकळा ठेवा.

आणखी एक, ही चूक फक्त मुंबईतच होते बहुतेक. पत्रे एसी खोलीत ठेवलेले असतात आणि प्रेस बाहेर गाळ्यात. जुलैत इथला दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. २२-२३ अंशांच्या खोलीतला पत्रा बाहेर आणला, फिल्म सोलली, की त्यावर दव धरतं. डोळ्याला दिसतंच असं नाही. पत्रे फिल्मसकट तासभर आधी बाहेर आणून ठेवा. सोलल्यावर नुसता पत्रा बंद न करता प्रेसखाली दहा-बारा सेकंद तापवा, मग लिंट रोलर (धूळ उचलणारा चिकट रोलर), मग कागद.

मुलुंडचा_म · १५ जुलै, सकाळी १०:१५

फिल्म सोलायची असते हे इथे लिहून ठेवलंत ते बरं. काही जण तशीच दाबतात आणि मग विचारतात, ग्लॉस का गेला.

गाळा_नंबर_सात · १५ जुलै, सकाळी ११:०२

खरखरीबद्दल. दहापट भिंग घ्या, नागदेवीत मोजमापाच्या दुकानात मिळतं. भिंगाखाली खरखर चार प्रकारची दिसते आणि चारही प्रकारांची कारणं वेगळी.

विणीसारखे बारीक चौकोन दिसले तर टेफ्लॉन. टेफ्लॉन शीट म्हणजे आतून काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड. २०० अंशाला कोटिंग मऊ असतं, दाब जास्त असला की ती वीण १०० जीएसएम कागदातून खाली उमटते.

वेड्यावाकड्या तंतूंच्या खुणा म्हणजे कागद. दाब जास्त, वेळ जास्त किंवा कागद उशिरा काढला.

सुईच्या टोकाएवढे खड्डे म्हणजे वाफ.

आणि उंचवटे आले, त्यातही मधे पांढरा ठिपका असेल तर पत्रा आणि कागद यांच्यात कण अडकलाय. ठिपका निळा किंवा लाल असेल तर तो कपड्याचा पॉलिस्टर धागा, त्याचा स्वतःचा रंग उडून पत्र्यात बसतो. प्रेसवर काम करताना फ्लीसचं जॅकेट नको. मुंबईत कोण घालणार म्हणा, पण चकाकणारं मायक्रोफायबरचं फडकं रंगीत असेल तर तेही हेच करतं. पांढरं वापरा.

चिकटपट्टी · १५ जुलै, सकाळी ११:२७

८० सेकंद ०.५ मिमीला मलाही जास्त वाटतात. जाड पत्र्याला, १.१ मिमीच्या वगैरे, तेवढे ठीक. अर्ध्या मिमीचा पत्रा काही सेकंदांत तापतो, पुढचा सगळा वेळ कोटिंग शिजवण्यात जातो. पांढरा भाग पिवळट दिसायला लागला तर खात्री समजा. २०० अंशाला ५५-६० ने सुरुवात करा आणि पाच-पाच सेकंदांनी वर जा.

आणि तुमचा कागद "टॅकी" तर नाही ना? कापडाला चिकटून राहणारा तो टी-शर्टवाला कागद. पत्र्यावर त्याचा चिकटपणा उतरतो आणि ग्लॉसवर धुरकट थर बसतो.

पाटीवाला_परळ · १५ जुलै, दुपारी १:४०

टॅकी नाही, साधाच. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसलं तर खरखर जात नाही, म्हणजे थर नसावा.

बाकी सगळे २०० म्हणतायत आणि डिस्प्लेही २०० दाखवतो. इन्फ्रारेड गनने वरच्या प्लेटवर बघितलं तर मधे १९६, डाव्या कोपऱ्यात १८१. पत्र्यावर रोखली तर ९० दाखवते. हे काय गौडबंगाल?

अर्धा_सूत · १५ जुलै, दुपारी २:१०

पत्र्यावरचा आकडा विसरा. कोटिंग नसलेल्या चकचकीत ॲल्युमिनियमची बाजू बघत असाल तर गन खोटंच सांगणार. ते धातू स्वतःची उष्णता फार कमी उत्सर्जित करतं आणि छताची, तुमची, सगळ्यांची परावर्तित करतं. त्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून टेपवर गन धरा, बरंच खरं दिसेल. पत्र्याला प्रत्यक्ष किती मिळालं ते बघायला दोन उपाय: के टाइप थर्मोकपलची (तापमान मोजणारी) पातळ वायर पत्रा आणि कागद यांच्यामध्ये घालून प्रेस बंद करणे, किंवा एकदाच रंग बदलणारी तापमान लेबलं चार कोपऱ्यांत आणि मधे चिकटवणे. मल्टीमीटरसोबत येणारी थर्मोकपल वायर पुरते, लोहार चाळीत मिळते.

वरच्या प्लेटवर टेफ्लॉनचा लेप आहे, तिथला आकडा बराच विश्वासार्ह. १५ अंशांचा फरक म्हणजे कोपरा फिका येणारच. पण तो फक्त तापमानाचा आहे की दाबाचाही, ते वेगळं तपासा.

दाब तपासायला साध्या कागदाच्या पाच पट्ट्या कापा. चार कोपऱ्यांत आणि मधे अशा ठेवा की टोक बाहेर राहील. प्रेस गार असताना, मॅटवर पत्रा ठेवून बंद करा आणि एकेक पट्टी ओढा. सगळ्यांना सारखा जोर लागला पाहिजे. जी सैल येईल तिथे दाब नाही.

गाळा_नंबर_सात · १५ जुलै, दुपारी २:३५

गाळ्याचा शटर डाव्या बाजूला आहे का? पावसाचा वारा थेट प्लेटवर येत असेल तर उघड्या प्रेसचा पुढचा कोपरा गार पडतो. पंखाही. आधी ते बंद करा, मग मोजा.

आणि व्होल्टेज बघा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गावर चालते. २३० ऐवजी २०० आले तर ताकद पाऊणच राहते. डिस्प्ले २०० अंश दाखवेल, पण पत्रा आणि ओले पदर घातल्यावर प्लेट खाली जाते आणि ६० सेकंदांत परत वर येत नाही. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये संध्याकाळी सगळे कंप्रेसर चालू असतात तेव्हा हे होतं. प्रेसला स्वतःचा १६ अँपियरचा पॉइंट हवा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको.

मुलुंडचा_म · १५ जुलै, दुपारी ३:०५

दिवसाचा पहिला पत्रा फिका आणि दहावा गडद, हेही याच घराण्यातलं. सकाळी खालची मॅट गार असते, ती उष्णता खाते. प्लेट २०० झाली की प्रेस रिकामी बंद करून पाच-सात मिनिटं ठेवायची. आणि दोन दाबांमधलं अंतर सारखं ठेवायचं.

चिकटपट्टी · १५ जुलै, दुपारी ४:२०

कुणी उलट्या बाजूने दाबत नाही का? खाली फेल्ट, त्यावर न्यूजप्रिंट, त्यावर कागद छापलेली बाजू वर, त्यावर पत्रा कोटिंगची बाजू खाली. उष्णता ॲल्युमिनियममधून येते. अर्ध्या मिमीत काही अडत नाही आणि वाफ खाली फेल्टमध्ये जाते. ढगांवर हा रामबाण आहे.

वाफारा · १५ जुलै, दुपारी ४:५०

ढगांवर आहे, खरखरीवर नाही. उलटं दाबलं की कागदाच्या मागे मऊ फेल्ट येतं आणि फेल्टचा पोत ग्लॉसवर उमटतो. सरळ बाजूने दाबलं तर कागदाच्या मागे सपाट धातूची प्लेट असते. मॅट फिनिश पत्रा असेल तर खुशाल उलटं दाबा, ग्लॉस असेल तर सरळच.

चिकटपट्टी · १५ जुलै, संध्याकाळी ५:१५

फेल्ट नवीन आणि घट्ट असेल, वर न्यूजप्रिंटचे तीन पदर असतील तर पोत उमटत नाही. जुनं, गोळे आलेलं फेल्ट असेल तर उमटणारच, त्यात बाजूचा दोष काय? शिवाय सरळ बाजूने दाबताना वरच्या न्यूजप्रिंटला एक सुरकुती राहिली तर ती रेघ कायमची ग्लॉसमध्ये.

वाफारा · १५ जुलै, संध्याकाळी ५:२२

सुरकुती हातात आहे, फेल्टचा पोत हातात नाही. असो, सहमत नाही एवढं मान्य करू.

वाचनमात्र · १५ जुलै, संध्याकाळी ६:४०

विषयाला धरून नाही, पण विचारतो. एसीपी शीटवर (दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक) हेच होईल का? दुकानांच्या पाट्यांचे तुकडे पुष्कळ उरतात.

अर्धा_सूत · १५ जुलै, संध्याकाळी ६:५२

नाही! एसीपीच्या पोटात पॉलिथिलिन असतं, ते १३० अंशांच्या आतच वितळतं. २०० अंशाच्या प्रेसमध्ये घातलंत तर कडेने प्लॅस्टिक बाहेर येईल आणि मॅट, फेल्ट सगळं फेकावं लागेल. शिवाय वरचं कोटिंग पाटीसाठी असतं, या रंगासाठी नाही.

उघड्या ॲल्युमिनियमवर, स्टीलवर किंवा नुसत्या ॲनोडाइज्ड पत्र्यावरही धरत नाही. रंगाला बसायला पॉलिस्टर लागतं. पॉलिस्टर पावडर कोटिंगवर मात्र बसतो, खिडक्यांच्या लाकडी दिसणाऱ्या सेक्शनना तेच केलेलं असतं.

सौ_छापखाना · १५ जुलै, संध्याकाळी ७:१०

आणि पाटी बाहेर उन्हात लावायची असेल तर सब्लिमेशन देऊच नका. वर कितीही ग्लॉस असला तरी हा रंग उन्हात उडतो. बाहेरच्यासाठी यूव्ही प्रिंट किंवा कोरलेली पाटी.

मुलुंडचा_म · १५ जुलै, रात्री ८:०५

कोटेड बाजू कुठली हे न कळणाऱ्यांसाठी: फिल्म निघून गेलेले तुकडे असतील तर मल्टीमीटर सातत्य तपासणीवर लावा आणि दोन्ही टोकं पत्र्याला टेकवा. वाजलं तर उघडा धातू, नाही वाजलं तर कोटिंग. मागच्या बाजूला लॅकर असलेले पत्रेही येतात, त्यांत दोन्हीकडे शांतता असते. तिथे कोपऱ्यात छोटा तुकडा छापून बघायचा.

टिचकी · १५ जुलै, रात्री ८:१२

मल्टीमीटर, भिंग, थर्मोकपल, आर्द्रतामापक. स्मृतिचिन्ह करतोय की उपग्रह?

पाटीवाला_परळ · १६ जुलै, रात्री ९:३५

करड्याची चाचणी केली. कागद फिरवला, आयत जागचा हलला नाही. कोपराही तिथेच. ढग मात्र दोन्ही वेळी वेगवेगळ्या जागी.

मॅट उचलून उजेडात तिरकी धरली. मधोमध ६ × ४ चा दबलेला चौकोन स्पष्ट दिसतो, लहान प्लेटा कायम तिथेच दाबल्या जातात. पट्ट्यांची परीक्षाही घेतली. डावीकडची पुढची पट्टी अलगद निघाली.

अर्धा_सूत · १६ जुलै, रात्री १०:०२

मग लॉट सुटला.

मॅट आत्तापुरती उलटी करून बघा, दुसरी बाजू सपाट असेल तर महिनाभर निघेल. नंतर नवीन घ्या, नागदेवीत लाल सिलिकॉन स्पंज शीट मापाप्रमाणे कापून देतात. घेताना २०० अंशांच्या वर सतत चालणारी मागा. साधं रबर देतील, ते वास मारून कडक होतं.

लहान प्लेटांना दाब कमी करायला हवा. प्रेसचा एकूण जोर साधारण तोच राहतो, क्षेत्र कमी होतं. २४ × १२ म्हणजे २८८ चौरस इंच, ६ × ४ म्हणजे २४. तोच जोर बारापट एकवटतो. म्हणून मॅटला वण. हवेच्या प्रेसवरचा गेजचा आकडाही म्हणूनच फसवा, तो सिलिंडरमधला दाब असतो, पत्र्यावरचा नाही. लहान प्लेटा एकेक न घालता चार कोपऱ्यांत चार अशा घाला, किंवा त्यांच्यासाठी वेगळी जुनी मॅट ठेवा.

पत्रा शिअरवर (पत्रा कापायच्या मशीनवर) कापून घेत असाल तर कडेला धार वर आलेली असते. ती पातळ कानसीने मारा. नाहीतर ती कड मॅट कापते आणि कागदालाही पत्र्यापासून उचलून धरते, म्हणजे कडेला फिकी रेघ.

कोपऱ्यासाठी वरच्या प्लेटचे चार बोल्ट आधी बघा, एखादा सैल निघतो. घट्ट असतील तर मॅटखाली त्या कोपऱ्यात न्यूजप्रिंटचे एक-दोन पदर पायऱ्या करून घाला, एकदम जाड नको. पट्टी परत ओढून बघा. तापमानाचे १५ अंश त्याने भरत नाहीत. वारा अडवा, लेबलं लावून परत मोजा. तरीही दहाच्या वर फरक राहिला तर पत्रा जमेल तेवढा मागे सरकवून काम चालवा आणि पावसाळा संपला की हीटर दाखवा. २४ इंचांचा पत्रा २४ इंचांच्या प्लेटवर कडेपर्यंत घालणं हेच मुळात काठावरचं काम आहे.

गाळा_नंबर_सात · १६ जुलै, रात्री १०:३०

टेपचं कुणी बोललं नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर वाढतं. २४ इंच पत्रा ३० वरून २०० अंशाला जाताना जवळजवळ अडीच मिमी लांब होतो. कागद त्याच वेळी पाणी जाऊन आकसतो. चारही कोपरे टेपने बांधलेत तर कागद ताणला जातो, मधे उचलतो किंवा घसरतो आणि अक्षरांना सावली पडते. एकाच लांब कडेला दोन टेप लावा, बाकीचा कागद मोकळा. क्लॅमशेलमध्ये ही कड बिजागरीच्या बाजूला ठेवायची. टेप वळवून मागच्या बाजूला चिकटवा, छपाईवर आली तर खूण राहते.

सौ_छापखाना · १६ जुलै, रात्री ११:०५

देवनागरीला ही सावली जास्त लागते, कारण शिरोरेघ सलग असते. रोमन अक्षरात चालून जाईल असं अर्धा मिमीचं घसरणं आपल्याकडे सरळ दुसरी रेघ म्हणून दिसतं. पातळ फाँट टाळा. आणि जुन्या नॉन-युनिकोड फाइली आल्या तर छापण्याआधी रफार, "र्‍या" आणि "ऱ्हा" तपासा. पत्र्यावर खोडरबर चालत नाही.

टिचकी · १६ जुलै, रात्री ११:११

आणि मिरर, म्हणजे कागदावर उलटं छापणं. नाहीतर सोबत आरसा द्यावा लागतो.

पाटीवाला_परळ · १८ जुलै, दुपारी १२:२५

आजची स्थिती. मॅट उलटी, टेफ्लॉन काढला, वर-खाली न्यूजप्रिंट, कागद वाळवून, २०० अंश, ६० सेकंद, दाब कमी, शटर अर्धा खाली. आयत गेला. ढग गेले. कोपरा उन्नीस-बीस, ग्राहकाला दिसणार नाही.

ग्लॉस पूर्वीपेक्षा खूप बरा, पण अजून मे महिन्यासारखा नाही. भिंगाखाली वीण नाही. तंतू दिसतात, तेही पत्र्याच्या एकाच टोकाला जास्त. शिवाय एक बारीक ठिपक्यांची सरळ रेघ आहे, कागद फिरवला की फिरते.

गाळा_नंबर_सात · १८ जुलै, दुपारी १:००

ठिपक्यांची रेघ प्रिंटरची. कागद बाहेर येतो तिथे दातेरी चाकं असतात, ओल्या इंकवर त्यांचे दात टेकतात. कापडावर हे पुसलं जातं, पत्र्यावर जसंच्या तसं उतरतं. कागदाच्या सेटिंगमध्ये इंक थोडी कमी करा, लवकर वाळणारा चांगला कागद घ्या. चाकांची पट्टी काढूनही टाकतात, पण मग कागद हेडला घासायची भीती, म्हणून तो शेवटचा उपाय.

चिकटपट्टी · १८ जुलै, दुपारी १:१८

तंतू एका टोकाला म्हणजे कागद तुम्ही त्या टोकाकडे सावकाश सोलताय. शेवटचं टोक गार होतं आणि कोटिंग कागदाला धरून ठेवतं. प्रेस उघडल्या उघडल्या हातमोजे घालून, पत्रा प्रेसवरच असताना, कागद लांबीच्या नव्हे तर रुंदीच्या दिशेने एका झटक्यात, जमिनीला जवळपास समांतर ओढा. बारा इंच सुटायला वेळ लागत नाही. टेपवाली कड आधी कापून घ्या, म्हणजे शोधत बसायला नको.

मग पत्रा कोटिंग वर करून सपाट कडप्प्यावर. उभा टेकवू नका, पंख्याखाली नको, ओलं फडकं तर नकोच. अर्ध्या मिमीचा पत्रा एका बाजूने गार झाला की धनुष्य होतो. पूर्ण गार होईपर्यंत एकावर एक रचू नका, ग्लॉसला मागच्या पत्र्याची छाप पडते.

ज्यांवर तंतू चिकटलेत ते कोमट साबणाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून पांढऱ्या मायक्रोफायबरने चोळा, नखाने खरवडू नका. थिनर किंवा ॲसिटोन लावलंत तर ग्लॉसच निघेल. आयपीएपर्यंतच थांबा, तीही प्रिन्सेस स्ट्रीटवरून चांगल्या शुद्धतेची घ्या, पाणी मिसळलेलीचे डाग राहतात.

पाटीवाला_परळ · १८ जुलै, रात्री ९:५०

रुंदीच्या दिशेने ओढला. प्रतिबिंबाची कड आता सरळ दिसते. ठिपक्यांच्या रेघेसाठी इंक कमी करून बघतोय, काळा जरा तपकिरीकडे झुकला.

वाफारा · १८ जुलै, रात्री १०:१५

तपकिरी काळा इंक कमी झाल्यानेही येतो, उष्णता कमी पडल्यानेही, आणि जास्त शिजवल्यानेही. आता ६० सेकंदच देताय, म्हणून आधी इंक होती तशी ठेवून ६५ देऊन बघा. मग इंक. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि पत्र्याच्या मागे मार्करने आकडे लिहून ठेवा.

वाचनमात्र · १९ जुलै, सकाळी ७:४०

सोनेरी ब्रश्ड पत्र्यालाही हेच आकडे का?

मुलुंडचा_म · १९ जुलै, सकाळी ८:०५

तापमान तेच, वेळ ५० पासून सुरू करा. त्यावर पांढरं काही येत नाही, डिझाइनमधला पांढरा भाग सोनेरीच राहणार, हे ग्राहकाला आधी सांगा. ब्रशच्या रेघा आणि अक्षरं एकाच दिशेला ठेवा, नाहीतर पातळ अक्षरं रेघांत हरवतात.